रात्रीचे बिस्किट: डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलाच्या झोपेचे प्रकरण

डिसेंबरमधल्या एका सकाळी धनकवडीहून एक आई आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या बालविकास केंद्रात आली. तक्रार होती बोलण्याची, झोपेची नव्हे. मात्र वाचा-उपचाराच्या सत्रात तो पंधरा मिनिटांतच पेंगू लागतो, हे स्पीच थेरपिस्टच्या लक्षात आले आणि तिने त्या दोघांना माझ्याकडे पाठवले. झोपेबद्दल विचारताच आई म्हणाली, "मॅडम, तो झोपत नाही एवढंच नाही, तो घरात कुणालाच झोपू देत नाही."

त्याची आजी त्याला 'राजा' म्हणतात. ओळख उघड होऊ नये म्हणून मीही इथे तेच नाव वापरते आणि घराचे काही तपशील बदलते. हे लिखाण पालकांच्या संमतीने करीत आहे.

मुलगा आणि घर

राजाला जन्मतःच डाउन सिंड्रोम, म्हणजे २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त. हृदयाच्या मधल्या पडद्यात मोठा दोष होता आणि पाचव्या महिन्यात त्याची शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षांचा असल्यापासून थायरॉइडची गोळी चालू आहे. चष्मा आहे, एका कानाने किंचित कमी ऐकू येते. मला तो भेटला तेव्हा त्याच्याकडे चाळीसेक शब्द आणि बऱ्याच खुणा होत्या. ऐकलेले वाक्य त्याच्या लक्षात फार वेळ राहत नसे, पण एकदा पाहिलेले चित्र तो विसरत नसे. डाउन सिंड्रोम असलेल्या बहुतेक मुलांची ही ठेवण असते आणि उपचारात तिचा फार उपयोग होतो.

घर तिसऱ्या मजल्यावर, एक बेडरूम, हॉल आणि स्वयंपाकघराचे. आई डब्यांचा व्यवसाय करते आणि वीस डबे करायचे म्हणून पहाटे साडेचारला उठते. वडील भोसरीच्या एका कारखान्यात आहेत. एक आठवडा सकाळपाळी, एक आठवडा दुपारपाळी. दुपारपाळीला घरी पोचायला रात्रीचे बारा वाजतात. आजी हॉलमध्ये झोपतात. राजा आईवडिलांजवळ, बेडरूममध्ये जमिनीवर घातलेल्या गादीवर झोपतो.

पावणेदहाला दिवे बंद होत, पण झोप येत नसे. मग मोबाइलवर गाणी लागत, वडील घरी असले तर स्कूटरवरून तळजाईच्या रस्त्याने एक चक्कर होई आणि परत आल्यावर आई थोपटत बसे. पावणेबाराच्या पुढे कधीतरी डोळा लागे. रात्री दोन-तीनदा जाग येई. जाग आली की राजा उठून अंधारातच हॉलमध्ये जाई. आजींच्या उशाशी स्टीलचा छोटा डबा असे, त्यात ग्लुकोजची बिस्किटे. एक बिस्किट, त्यावर बाटलीतून कोमट दूध, पाठीवरून हात, आणि अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा झोप. सकाळी पावणेसातला त्याला अक्षरशः ओढून उठवावे लागे. शाळेच्या व्हॅनमध्ये तो झोपे, अकराच्या सुमारास बाकावर डोके टेकवी आणि घरी आल्यावर दुपारी तीनपासून जवळपास पाचपर्यंत झोपे.

दोन वर्षांपूर्वी आईने हे सारे एका दवाखान्यात सांगितले होते. तिथे "डाउनची मुलं अशीच असतात" असे उत्तर मिळाले आणि तिने पुन्हा विचारले नाही. हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकले आहे की ते ऐकले की मला राग येतो. मुलाला एक निदान मिळाले की त्याची प्रत्येक तक्रार त्याच निदानाच्या खात्यावर जमा होते, आणि ज्या दुखण्यावर इलाज आहे तेही 'स्वभाव' म्हणून वर्षानुवर्षे सोसले जाते.

आधी श्वास

मी पहिला प्रश्न झोपेत श्वास कसा चालतो, हा विचारला. आई म्हणाली, "घोरतो थोडासा, पण गाढ झोप लागली की सगळेच घोरतात ना?" मी तिला रात्री दोनच्या सुमारास पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून आणायला सांगितले, पांघरूण कमरेपर्यंत खाली घेऊन.

त्या व्हिडिओत राजा मांडी घालून बसल्या बसल्याच पुढे वाकला होता आणि त्याने कपाळ गादीला टेकवले होते. तोंड उघडे, मान पुढे ताणलेली. श्वास घेताना बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात होता. मग घोरणे एकदम थांबले. छाती हलत होती, पण आवाज नव्हता. मी मनात आकडे मोजले. नऊवर आल्यावर त्याला मोठा उसासा आला, तो सगळाच दचकला आणि पुन्हा घोरू लागला. पाच मिनिटांत असे चार वेळा झाले. आईने हा प्रकार सहा वर्षे पाहिला होता आणि ती त्याला "त्याची झोपायची पद्धत" म्हणत होती.

डाउन सिंड्रोममध्ये चेहऱ्याचा मधला भाग लहान असतो, श्वासाची वाट अरुंद असते, त्या मानाने जीभ मोठी पडते आणि स्नायू सैल असतात. त्यात टॉन्सिल किंवा अॅडिनॉइड (नाकाच्या मागच्या गाठी) वाढले की झोपेत वाट बंद पडते. म्हणूनच या मुलांमध्ये झोपेतील श्वासावरोध इतर मुलांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो. पालकांच्या सांगण्यावरून मात्र त्याचा नीट अंदाज येत नाही. न घोरणाऱ्या मुलातही तो सापडतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या २०२२ च्या मार्गदर्शनात डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक मुलाची, लक्षणे असोत वा नसोत, ३ ते ४ वर्षे वयात रात्रभराची झोप-चाचणी करावी असे म्हटले आहे, ते याच कारणाने. राजाला सहावे संपत आले तरी कुणी ती सुचवली नव्हती.

चाचणीत डोक्याला, छातीला आणि नाकापाशी वायरी लावतात आणि अशी मुले त्या उपटून टाकतात. म्हणून चाचणीआधी आठवडाभर रोज संध्याकाळी आईने त्याच्या कपाळावर आणि गालांवर कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावण्याचा खेळ खेळला. आधी बाहुलीला, मग आजींना, मग राजाला. चाचणीच्या रात्री त्याने तंत्रज्ञाच्या कपाळालाही पट्टी लावली आणि स्वतःच्या वायरी सकाळपर्यंत जागेवर राहू दिल्या.

श्वासावरोधाचा निर्देशांक, म्हणजे झोपेच्या एका तासात श्वास सरासरी किती वेळा अडतो तो आकडा, ७.८ आला. मुलांमध्ये १ च्या वर तो असामान्य मानतात आणि ५ ते १० मध्यम. फेब्रुवारीअखेर कान-नाक-घसा तज्ज्ञांनी टॉन्सिल आणि अॅडिनॉइड काढले. या मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, त्यामुळे भूल देताना मान ताणली जाऊ नये याची काळजी घेतली गेली आणि शस्त्रक्रियेनंतरची रात्र त्याला देखरेखीखाली ठेवले. रक्ततपासणीत फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचे माप, फक्त १४ होते, म्हणून बालरोगतज्ज्ञांनी लोह सुरू केले. झोपेत सतत पाय झाडण्याचे प्रमाण त्यानंतर कमी झाले. मेमधल्या दुसऱ्या चाचणीत निर्देशांक १.९ होता. डाउन सिंड्रोममध्ये शस्त्रक्रियेनंतरही थोडा अडथळा उरणे नेहमीचे आहे. त्यासाठी तूर्त आणखी उपचार नको, पण लक्ष ठेवायचे, असे ठरले.

घोरणे थांबले, उशी घामाने भिजेनाशी झाली, राजा आडवा झोपू लागला. पण झोप पावणेबारालाच येत होती आणि हॉलच्या फेऱ्या तशाच चालू होत्या. आई खचली होती. "एवढं ऑपरेशन केलं, आता काय राहिलं?" असे तिने विचारले. राहिली होती ती सवय.

या क्रमाबद्दल मी आग्रही आहे. डिसेंबरमध्येच मी वर्तन-उपचार सुरू केला असता तर ज्याचा श्वास कोंडतो आहे त्या मुलाला मी न उठता निमूट पडून राहायला शिकवले असते. मधल्या काळात एका नातेवाइकाने सर्दी-खोकल्याचे औषध रात्री चमचाभर द्या म्हणजे शांत झोपेल, असे सुचवले होते. ज्याच्या श्वासाची वाट आधीच बंद पडते त्या मुलाला गुंगीचे औषध मनाने देणे धोक्याचे आहे, हे मी आईला स्पष्ट सांगितले आणि बाटली घरातून काढून टाकायला लावली.

नोंदवही

शाळा सुरू झाल्यावर जूनच्या उत्तरार्धात आईने चौदा रात्रींची नोंद ठेवली. सरासरी अशी निघाली: दिवे बंद ९.४० ला, झोप ११.५० ला, रात्रीत दोन ते तीन वेळा जाग, जागेपणाची एकूण ७० मिनिटे, उठणे ६.४५ ला. म्हणजे रात्रीची झोप पावणेसहा तास. दुपारची पावणेदोन तासांची मिळवली तरी दिवसाची झोप साडेसात तासच भरते. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते.

रात्री थोडीशी जाग सगळ्यांनाच येते. झोपेचे एक आवर्तन संपून दुसरे सुरू होताना आपण कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि पुन्हा झोपतो. मूल ज्या परिस्थितीत झोपी गेले, तीच परिस्थिती त्याला जाग आल्यावर हवी असते. थोपटता थोपटता झोपलेल्या मुलाला रात्री दोन वाजता थोपटणारा हात लागतो. हात मिळाला नाही की ते शोधायला उठते. त्यातून उठल्यावर काही चांगले मिळाले, तर उठण्यालाच बळ मिळते. मानसशास्त्रात याला प्रबलन म्हणतात. राजासाठी प्रबलन म्हणजे बिस्किट आणि दूध होतेच, पण त्याहून मोठे होते समोरच्या माणसाचा चेहरा. तो आजींच्या गालाला दोन्ही हात लावून "आदी" म्हणायचा आणि हसायचा. माणसांत रमणे हा या मुलांचा मोठा गुण आहे. कठीण काम समोर आले की ती समोरच्याला हसवून त्यातून वाट काढतात. रात्री दीड वाजता झोपणे हेही त्याच्यासाठी कठीणच काम होते.

वर्तन-उपचाराला आधार किती, हेही सांगायला हवे. लहान मुलांच्या झोपेवरील वर्तन-उपचारांचा जो आढावा २००६ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनसाठी झाला, त्यातील ५२ अभ्यासांपैकी ९४ टक्क्यांत खात्रीचा फरक दिसला होता. मात्र ती बहुतेक मुले सर्वसाधारण विकासाची होती. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवरचे अभ्यास थोडे आहेत आणि त्यांतली मुलेही मोजकी आहेत. त्यामुळे तत्त्वे तीच ठेवून पायऱ्या लहान करायच्या, बोलण्यापेक्षा चित्रांवर भर द्यायचा आणि वेळ अधिक धरायचा, अशी माझी पद्धत आहे.

रडू देऊन एकदम दुर्लक्ष करण्याची, म्हणजे सरळ विलोपनाची, पद्धत मी या घरासाठी निवडली नाही. हृदयाची शस्त्रक्रिया पाहिलेल्या घराला मुलाचे रडणे ऐकवत नाही आणि तिसऱ्या रात्री धीर सुटला तर सुरुवातीपेक्षा वाईट अवस्था होते. मुलाला वेगळ्या खोलीत झोपवण्याचाही मी आग्रह धरला नाही. आपल्याकडे मुले आईवडिलांजवळ झोपतात आणि त्यात मला काही वावगे दिसत नाही. राजाने एकटे झोपावे हे आमचे उद्दिष्ट नव्हते. शेजारी माणूस असताना त्याच्या हाताशिवाय झोपी जावे, एवढेच होते.

झोप लागायला मदत करणाऱ्या मेलाटोनिन या औषधाबद्दल वडिलांनी विचारले. बालरोगतज्ज्ञांशी बोलून आम्ही ते बाजूला ठेवले. औषध वाईट म्हणून नव्हे, तर जाग आल्यावर हॉलमध्ये जाण्याची सवय त्याने सुटली नसती म्हणून. सवय मोडूनही झोप लागायला वेळ लागत राहिला तर पुन्हा विचार करू, असे ठरले.

जुलैच्या पहिल्या सोमवारी योजना सुरू झाली. ठरलेली वाक्ये, चित्रांचा तक्ता, रात्री उठला की न बोलता परत आणणे, सारे आईला नीट समजावले होते. पाचव्या रात्री ती मोडली.

आजी

त्या रात्री राजा दीडला उठला. आईने तीनदा त्याला हाताला धरून परत आणले. तो चाळीस मिनिटे रडला. चौथ्यांदा तो हॉलमध्ये गेला तेव्हा आजींनी अंधारात डबा उघडला आणि बिस्किट हातात दिले. आई आणि आजी एकमेकींना नको ते बोलल्या. सकाळी आठला आईचा मला फोन आला आणि ती बराच वेळ बोलूच शकली नाही.

चूक माझी होती. योजनेच्या तिन्ही बैठकींत मी फक्त आईशी बोलले होते. प्रत्येक वेळी आजी राजाचे दप्तर मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसून होत्या आणि मी त्यांना आत बोलावले नव्हते. ज्यांच्या हातून बिस्किट मिळते त्यांनाच वगळून मी बिस्किट बंद करायला निघाले होते. शिवाय अधूनमधून मिळणारे बक्षीस रोज मिळणाऱ्यापेक्षा सवय अधिक घट्ट करते. तीन नकारांनंतर मिळालेल्या त्या एका बिस्किटाने राजा एवढेच शिकला की अजून थोडे रडायला हवे.

दोन दिवसांनी मी आजींना एकट्यांना बोलावले. मी काही समजावणार होते, पण विचारले फक्त एवढेच की रात्री त्याला खायला देणे केव्हापासून सुरू झाले. आजींनी जे सांगितले ते मी त्यांच्याच शब्दांत देते.

"हा जन्मला तेव्हा ओढून दूध प्यायचा नाही. डॉक्टर म्हणाले, वजन भरल्याशिवाय ऑपरेशन करता येत नाही, दर दोन तासांनी पाजा. सून बाळंतीण, ओली. मग मीच गजर लावून उठायची. वाटी-चमच्यानं पाजायची. एकेका वाटीला तास लागायचा. पाच महिने असं केलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, तरी मला गजराशिवाय जाग यायची. नाकाखाली हात धरून बघायची. मग तोच उठायला लागला."

मी विचारले, "आजी, हे कधी बंद करायचं, ते कुणी सांगितलं होतं का?"

त्या म्हणाल्या, "नाही. सुरू करा म्हणून सांगितलं होतं."

या प्रकरणात मला जे महत्त्वाचे वाटते ते या दोन वाक्यांत आले आहे. आम्ही जिला सवय म्हणत होतो ती एके काळी औषधाची मात्रा होती, आणि ती आजींनी चोख पाळली होती. हृदयाच्या दोषासह जन्मलेल्या, डाउन सिंड्रोम असलेल्या कितीतरी मुलांच्या घरी पहिले वर्ष असेच जाते. रात्री उठवून पाजायचे, श्वास तपासायचा, जरा कण्हला की उचलून घ्यायचे. धोका टळतो, पण तो टळल्याचे रात्री उठणाऱ्या माणसाला कुणी सांगत नाही. पाच-सहा वर्षांनी आमच्यासारखी माणसे त्याच वागण्याला 'लाड' म्हणतात.

म्हणून दुसऱ्या योजनेची पहिली पायरी राजासाठी नव्हती. मी बालरोगतज्ज्ञांना विनंती केली आणि त्यांनी आजींना समोर बसवून सगळे कागद दाखवले: हृदयाचा ताजा अहवाल, दोन्ही झोप-चाचण्या, वजनाचा तक्ता, ज्यात वजन आता गरजेपेक्षा थोडे जास्तच होते. मग ते म्हणाले, "आजी, तुमची रात्रपाळी संपली. आता तुम्ही झोपायचं." आजी काही बोलल्या नाहीत. पदराने चष्मा पुसत राहिल्या.

दुसरी सुरुवात

जुलैच्या मध्याला पुन्हा सुरुवात केली, ती चौघांना एकत्र बसवून.

झोपायची वेळ पावणेदहा नव्हे, तर पावणेबाराच ठेवली. आईला हे उलटे वाटले. पण झोप येत नसताना दोन तास गादीवर घालवले की गादी म्हणजे खेळ, हट्ट आणि मोबाइल असे समीकरण मनात बसते. खरी झोप येते त्या वेळेलाच आडवे केले की गादीचा झोपेशी पुन्हा संबंध जुळतो. सलग दोन रात्री वीस मिनिटांच्या आत झोप लागली की वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणायची. सकाळी उठण्याची वेळ मात्र रविवारीही ६.४५. दुपारची झोप चाळीस मिनिटांवर आणली आणि साडेतीनच्या आत संपवली. सहाव्या आठवड्यानंतर ती आपोआप सुटली. रात्री उशिरापर्यंत जागायचे म्हणून पहिले तीन आठवडे आईने वीसऐवजी बाराच डबे घेतले. अशा उपचाराला पैसे लागत नाहीत असे म्हणतात, ते खरे नाही.

चित्रांचा तक्ता राजाच्याच फोटोंचा केला आणि कपाटाच्या दाराला लावला: हातपाय धुताना, पेल्याने दूध पिताना, दात घासताना, आजी तळपायांना तेल लावताना, आणि शेवटी गादीवर डोळे मिटून. प्रत्येक गोष्ट झाली की तो फोटो काढून खालच्या पिशवीत टाकायचा. शेवटचा फोटो तो आधी अंगठ्याने दाबून बघायचा, "झा" म्हणायचा आणि मग पिशवीत टाकायचा. मोबाइल झोपण्याआधी तासभर बंद आणि बेडरूमच्या बाहेर. स्कूटरची चक्कर संध्याकाळी सहाला, बागेपर्यंत.

थोपटणे एकदम बंद केले नाही. चार रात्री नेहमीसारखे थोपटायचे, मग हात पाठीवर नुसता ठेवायचा, मग हात गादीवर, मग आईने शेजारी बसायचे, मग दाराशी. दाराशी बसून रिकामा वेळ घालवणे आईला परवडेना, म्हणून ती स्वयंपाकघरात विळी घेऊन उद्याच्या डब्यांची भाजी चिरू लागली. विळीचा आवाज ऐकत राजा झोपू लागला. हा आवाज नवी कुबडी होईल अशी मला शंका होती, कारण रात्री दोनला विळी चालू नसते. पण तसे झाले नाही, आणि पाचव्या आठवड्यात आई राजाच्या झोपण्याआधीच भाजी उरकू लागली.

रात्रीचे दूध बाटलीतून पेल्यात आले आणि दर दोन रात्रींनी तीस मिलिलिटरने कमी होत दहा दिवसांत संपले. बिस्किटांचा डबा आजींच्या उशाशी न ठेवता स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला. ते बिस्किट आजींच्याच हातून मिळणार होते, पण सकाळी सातला, सूर्याच्या चित्राखाली उभे राहून. ही कल्पना आजींची होती आणि योजनेत मी घातलेल्या कोणत्याही गोष्टीपेक्षा ती राजाला लवकर कळली. रात्री तो उठला तर जो जागा असेल त्याने दिवा न लावता, "झोपायची वेळ" एवढेच म्हणून त्याला गादीवर आणायचे. चौघांनीही तेच वाक्य वापरायचे, त्याच आवाजात.

वडिलांचा प्रश्न नोंदवहीमुळे समोर आला. दुपारपाळीच्या आठवड्यात बाराच्या सुमारास हमखास एक जाग दिसत होती. आधी मला बेलचा आवाज कारण वाटले आणि त्यांनी किल्ली न्यायला सुरुवात केली. तरी जाग कमी होईना. मग त्यांनी स्वतःच सांगितले की ते आल्यावर गादीशी बसतात, केसांतून हात फिरवतात, आणि राजा उठला की दोघे थोडे खेळतात. "त्या आठवड्यात मला तो जागा भेटतो तो तेवढाच." यावर योजनेत उत्तर नव्हते, वेळापत्रकात होते. दुपारपाळीच्या आठवड्यात राजाला उठवणे, आंघोळ आणि व्हॅनपर्यंत सोडणे ही कामे वडिलांकडे गेली आणि रात्री गादीशी बसणे बंद झाले.

तिसरी ते सहावी रात्र अवघड गेली. बक्षीस बंद झाले की वागणे आधी उफाळते आणि मग ओसरते, हे या वेळी सगळ्यांना आधी सांगून ठेवले होते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनाही आईने जाऊन सांगितले होते. सहाव्या रात्री राजा पाच वेळा उठला. सातव्या रात्री दोनदा.

नंतर

आठव्या आठवड्यापर्यंत झोपायची वेळ सव्वानऊवर आली होती, आणि तेव्हाच गणपती आले. ढोल-ताशांचा सराव आधीपासून चालू होताच. त्या दिवसांत सव्वानऊचा आग्रह धरण्यात अर्थ नव्हता. वेळ साडेदहा केली, पण तक्ता, तेल आणि सकाळचे ६.४५ सोडले नाही. विसर्जनानंतर मूळ वेळेवर यायला नऊ दिवस लागले. सणाच्या किंवा आजारपणाच्या काळात घडी विस्कटणारच असे धरून परतीची वाट आधीच आखून ठेवलेली बरी, असा माझा अनुभव आहे.

बाराव्या आठवड्याच्या सात रात्रींची सरासरी: दिवे बंद ९.१५, झोप ९.३३, उठणे ६.४५, सातपैकी तीन रात्री एकेकदा जाग. एकूण झोप सुमारे नऊ तास, म्हणजे त्याच्या वयाच्या गरजेच्या खालच्या सीमेवर. मुलांच्या झोपेच्या सवयींच्या प्रश्नावलीतले गुण ६१ वरून ४८ झाले. ४१ च्या वर गुण असले तर अडचण आहे असे मानतात, त्यामुळे कागदावर राजाची अडचण संपलेली नाही. प्रश्न मी तोंडी मराठीत विचारले होते, म्हणून या आकड्यावर माझा भरवसा बेताचाच आहे. नोंदवहीवर अधिक आहे. शाळेतल्या बाईंनी लिहून दिले की तो अकरा वाजता बाकावर डोके टेकवत नाही आणि ठोकळ्यांच्या कामात शेवटपर्यंत बसतो. वाचा-उपचाराचे सत्रही आता पूर्ण अर्धा तास चालते.

एका मुलाच्या प्रकरणावरून फार काही सिद्ध होत नाही. शस्त्रक्रिया, लोह, वाढते वय यांचाही वाटा असणारच. पण मे ते जुलै, म्हणजे श्वास सुधारल्यावर आणि लोह सुरू असतानाही, झोपेची वेळ हलली नव्हती. ती हलली ती जुलैच्या मध्यानंतर, पंधरा-पंधरा मिनिटांनी. वजन वाढते आहे, त्यामुळे श्वासाचा अडथळा परत येऊ शकतो. पुढची झोप-चाचणी येत्या मेमध्ये करायची आहे आणि थायरॉइडची तपासणी दरवर्षीप्रमाणे.

जानेवारीत आईने नोंदवहीचे शेवटचे पान पाठवले. त्यात एक नोंद अशी होती: "रात्री १.४०. उठला. हॉलपर्यंत गेला. सासूबाई झोपल्या होत्या. आपणहून परत येऊन झोपला." त्याच आठवड्यात आजी राजाला घेऊन केंद्रात आल्या तेव्हा मी त्यांना ही नोंद वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मी जागीच होते. डोळे मिटून पडले होते."